पानिपत जिंकले असते, तर इब्राहिमखान कुठे असता?

माझा भाचा यंदा अकरावीत आहे. केंद्रीय बोर्डाची शाळा, त्यामुळे सगळा अभ्यास इंग्रजीतून. मागे त्याच्या इंग्रजीच्या पुस्तकात जयंत नारळीकरांचा धडा आला. तो वाचून त्याने मला फोन केला. "मामू, पानिपत आपण जिंकलं असतं तर काय झालं असतं, त्यावर गोष्ट आहे. भारी आहे." मी म्हटले, अरे, ती मुळात मराठीतली. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. मी तुझ्याएवढा असताना वाचली होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "पण मामू, त्या जगात आपण कुठे असतो?"

पोराने 'आपण' हा शब्द दोनदा वापरला. पहिल्या वेळी 'आपण' म्हणजे मराठे. दुसऱ्या वेळी 'आपण' म्हणजे आम्ही, मराठी मुसलमान. दोन्ही वेळा शब्द सहज तोंडून आला, त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही. मला फोनवर उत्तर देता आले नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक. एका अपघातानंतर ते दुसऱ्याच जगात जाऊन पोहोचतात. मुंबई तीच आहे, पण तिथे अजून ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल आहे आणि बाकीचा देश मात्र स्वतंत्र आहे. असे का झाले याचा शोध घ्यायला ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात जाऊन स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढतात. वाचता वाचता पाचव्या खंडात त्यांना फरक सापडतो. त्या जगात मराठ्यांनी १७६१चे पानिपत जिंकलेले असते. विश्वासरावांना लागलेली गोळी तिथे त्यांना लागत नाही, कानाजवळून निघून जाते. अब्दालीची दाणादाण उडते, कंपनीला हातपाय पसरता येत नाहीत, दिल्लीचा बादशहा नामधारी राहतो, पेशवे विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळतात आणि पुढे लोकशाही येते. नारळीकर वैज्ञानिक होते. एका गोळीने इतिहासाला दोन फाटे कसे फुटू शकतात, हे त्यांना भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडायचे होते, आणि ते त्यांनी फार सुंदर मांडले आहे. कथेत कुणाविषयी द्वेष नाही. जिंकलेल्या मराठ्यांचे राज्य तिथे उदार आणि शहाणे आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात... नव्हे, २०२५च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा मी ही कथा पुन्हा काढून वाचली होती आणि पुन्हा आवडली होती.

पण पाठ्यपुस्तकातल्या त्या धड्यात सदाशिवराव आहेत, विश्वासराव आहेत, अब्दाली आहे. इब्राहिमखान गारदी नाही. भाच्याचा प्रश्न तिथून आला होता. धड्यात मुसलमान म्हणून जो दिसतो तो एक तर काबूलपर्यंत पळवून लावलेला अब्दाली, नाही तर दिल्लीचा नामधारी बादशहा.

असे घडले नसते तर, या प्रकारचे लेखन फार जुने आहे. रोमचा इतिहासकार लिव्ही याने दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात मध्येच थांबून प्रश्न टाकला: सिकंदर पूर्वेऐवजी पश्चिमेला, रोमवर चालून आला असता तर? उत्तर अर्थातच रोम जिंकले असते, असे. नेपोलियन हरल्यावर वीसेक वर्षांनी, १८३६ साली, लुई जोफ्रुआ या फ्रेंच लेखकाने अख्खी कादंबरी लिहून नेपोलियनला साऱ्या जगाचा सम्राट करून टाकले. हरलेल्यांच्या मनाला यातून आधार मिळतो आणि जिंकलेल्यांना आपला विजय अटळच होता असे वाटायला लागते. दोन्हीकडे गिऱ्हाईक आहे. आता तर मोबाइलवर तयार चित्रफिती येतात. अमुक सेनापती जगला असता तर नकाशावर केवढा भगवा किंवा केवढा हिरवा रंग पसरला असता, ते तीस सेकंदांत दाखवतात. रंगाखाली माणसे कोण राहत होती हे त्या नकाशाला माहीत नसते.

या प्रकारातले एक उदाहरण मला फार बोलके वाटते. अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई १८६३च्या जुलैत तीन दिवस चालली आणि दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली ती हरला. लढाई ली जिंकला असता तर, या कल्पनेवर तिकडे पुस्तकांचे ढीग आहेत. खुद्द विन्स्टन चर्चिल यांनीही १९३१ साली एका संग्रहासाठी या विषयावर लेख लिहिला होता. त्यात गंमत अशी की लेखातला निवेदक ली जिंकलेल्या जगात राहतो आणि तिथून विचारतो, ली हरला असता तर काय झाले असते? या लेखात जिंकलेला ली स्वतःहून गुलामगिरी रद्द करतो. पुढे १९९२ साली हॅरी टर्टलडव्ह यांनी 'द गन्स ऑफ द साउथ' ही कादंबरी लिहिली. तिथे भविष्यातून आलेले लोक लीच्या सैन्याला एके-४७ बंदुका देतात. त्यातही शेवटी ली गुलामांच्या मुक्तीच्या बाजूने उभा राहतो. म्हणजे जिंकवायचे त्याला आधी धुऊन स्वच्छ करावे लागते. पण खऱ्या युद्धात उत्तरेच्या बाजूने जवळपास एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक लढले होते. पगार गोऱ्या सैनिकाला महिन्याला तेरा डॉलर, काळ्याला दहा, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापून. चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स पलटणीने तो कमी पगार घ्यायलाच नकार दिला. बिनपगारी लढले, पण कमी पगार घेतला नाही. १८६४मध्ये अमेरिकी काँग्रेसला कायदा करून पगार समान करावा लागला. चर्चिलच्या जगात गुलामांना मुक्ती मिळते ती सेनापतीच्या मोठ्या मनाने. या सैनिकांना तिथे काही कामच उरत नाही.

ही पगाराची गोष्ट लक्षात ठेवा, पानिपतावर ती परत येणार आहे.

तिकडे जाण्याआधी आपल्या लोकांबद्दलही बोलले पाहिजे. जर-तरचा नाद आपल्यालाही कमी नाही. मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर, लग्नाच्या मांडवात मी कितीतरी वेळा ऐकले आहे: ७३२ साली पॉइतिएच्या लढाईत अब्दुर्रहमान अल-गाफिकी पडला नसता तर सारा युरोप मुसलमान झाला असता. हे बोलणाऱ्यांना माहीत नसते की ही कल्पना मुळात आपली नाहीच. ती पसरवली अठराव्या शतकातला इंग्रज इतिहासकार गिबन याने. ऑक्सफर्डमध्ये कुराण शिकवले गेले असते, असे चित्र त्याने खोचकपणे रंगवले होते. त्यात त्याला मुसलमानांविषयी जितके बोलायचे होते त्याहून जास्त ऑक्सफर्डच्या पाद्र्यांना चिमटे काढायचे होते. आपण तो चिमटा भविष्यवाणी समजून छातीला लावून बसलो. चर्चिलचा लेख ज्या संग्रहात आहे त्याच संग्रहात फिलिप ग्वेडाला यांचा एक लेख आहे. त्यात ग्रॅनडाचे मुस्लिम राज्य १४९२ला बुडत नाही, विसाव्या शतकापर्यंत टिकते. वाचताना छान वाटते, नाकारत नाही. पण किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची २००२ची कादंबरी 'द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट' मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथे प्लेगने जवळजवळ सगळा युरोप मरून जातो आणि जग उरते मुसलमान, चिनी आणि हिंदुस्थानी लोकांच्या हाती. मग काय होते? मुसलमान राष्ट्रे आणि चीन अनेक दशके एकमेकांना मारत बसतात. बायका आपल्या हक्कांसाठी तिथेही झगडतात. अर्धे जग हाती आले म्हणून आपण सज्जन होत नाही.

आणि अब्दालीचे काय? आपल्यातही काही जण आहेत ज्यांना त्याचे नाव काढले की बरे वाटते. शाळेत पानिपतचा धडा झाला की मागच्या बाकावरचा कुणी तरी माझ्याकडे वळून म्हणायचा, तुमचे जिंकले. मी घरी येऊन ते सांगितले तर एक लांबचे काका म्हणाले, मग खरंच आहे की. वर्गातल्या मुलाने आणि काकांनी, दोघांनी मिळून मला अब्दालीच्या गोटात बसवले. दोघांपैकी कुणीही मला इब्राहिमखानाचे नाव सांगितले नाही. अब्दालीच्या सैनिकांनी दिल्ली लुटली तेव्हा मुसलमानांची घरे सोडली नव्हती. मीर तकी मीर त्या काळी दिल्लीत होते. 'ज़िक्र-ए-मीर' या आपल्या आत्मवृत्तात त्यांनी ती लूट, जळालेली घरे, उघड्यावर आलेले शरीफ लोक यांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्या दिल्लीकराला कुणी विचारले असते, तुमचे जिंकले का म्हणून?

आता पानिपत.

माझे आजोळ उदगीरचे. लहानपणी किल्ल्यात खेळायला जायचो. उदगीरच्या लढाईत मराठ्यांनी निजामाला हरवले, एवढे सगळ्यांना माहीत असायचे. ३ फेब्रुवारी १७६० ही तारीख. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, बऱ्हाणपूर अशी ठिकाणे या विजयातून पेशव्यांकडे आली. त्या लढाईत भाऊसाहेबांच्या बाजूने कवायती पायदळ आणि तोफा घेऊन इब्राहिमखान होता. हा माणूस आधी निजामाच्या दरबारातला. फ्रेंच सेनापती बुसी याने हैदराबादेत जी कवायती पलटणे तयार केली, त्या तालमीत तो घडला. १७५८ साली बुसीला दक्षिणेतून परत बोलावले गेले आणि त्याने शिकवलेले लोक नोकरीच्या शोधात निघाले. असा एक तयार माणूस, तयार पलटणीसह, मराठ्यांना मिळाला.

उदगीरच्या विजयाच्या आनंदात असतानाच दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी आली. मग परतूरला मसलत झाली आणि मार्चमध्ये भाऊसाहेब उत्तरेकडे निघाले. परतूर, उदगीर, औसा ही सगळी आमच्या मराठवाड्यातली गावे. पानिपतची वाट आमच्या दारावरून गेली आहे, हे मला फार उशिरा कळले.

इब्राहिमखानाबद्दल सगळ्यात विश्वासाने बोलणारा साक्षीदार म्हणजे काशिराज पंडित. दख्खनी ब्राह्मण, पण नोकरी अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याकडे. त्यामुळे लढाईच्या दिवशी तो अब्दालीच्या गोटात होता. त्याने फारसीत हकीकत लिहिली. म्हणजे बघा, मराठ्यांच्या बाजूच्या मुसलमान सेनापतीची कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचवली ती अब्दालीच्या बाजूच्या ब्राह्मण कारकुनाने. शुजाच्याच फौजेत अनूपगीर गोसावी आपले नागा गोसावी घेऊन होता, तोही अब्दालीच्या बाजूने. मराठ्यांकडे गारद्यांशिवाय समशेरबहाद्दर होता, थोरल्या बाजीरावांचा आणि मस्तानीचा मुलगा. लढाईत जखमी होऊन तो जाटांच्या मुलखात वारला. दोन रंगांच्या नकाशावर या लोकांना कुठे ठेवायचे?

काशिराज सांगतो ते असे. लढाईच्या दिवशी पहाटे इब्राहिमखान भाऊसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, माझ्या लोकांना दरमहा रोख पगार मिळावा असा मी आग्रह धरत आलो, त्यामुळे तुमची माझ्यावर बराच काळ नाराजी आहे. या महिन्यात तर खजिना लुटला गेला, पगार मिळालेलाच नाही. असू दे. आज मी दाखवतो की तो पगार मी फुकट घेतला नाही.

या पगाराचा घोळ समजून घेतल्याशिवाय पानिपत समजत नाही असे माझे मत आहे. मराठी सरदाराचे पोट सरंजामावर, चौथाईवर आणि लुटीवर चाले. त्याचे स्वार पावसाळ्यात घरी जात, दसऱ्याला परत येत. गारद्याचे तसे नव्हते. ओळीत उभे राहायचे, हुकूम येईपर्यंत बार काढायचा नाही, बाजूचा पडला तरी जागा सोडायची नाही. हे रोजच्या कवायतीने येते आणि रोज कवायत करणारा माणूस शेती करू शकत नाही. त्याला महिन्याला रोख लागते. सरदारांना हा हट्ट वाटला. त्यातून भाऊसाहेबांची तिजोरी रिकामी होत चाललेली. दिल्लीत लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून त्याची नाणी पाडावी लागली ती फौजेच्या खर्चासाठीच. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद-पैशाची उरलीसुरली वाटही बंद झाली. छावणीत माणसे आणि जनावरे उपाशी मरू लागली.

१४ जानेवारी १७६१. गारदी डाव्या बगलेवर होते, आठ-दहा हजार, समोर रोहिले. काशिराजच्या सांगण्यानुसार इब्राहिमखानाने निशाण स्वतःच्या हातात घेतले, गोळीबार थांबवायला सांगितला आणि संगिनी लावून पलटणे पुढे नेली. दोन पलटणे त्याने बगलेचे रक्षण करायला मागे ठेवली होती. रोहिल्यांचे आठेक हजार लोक मारले गेले किंवा जखमी झाले, असे काशिराज म्हणतो. आकडा फुगलेला असेल, पण तो शत्रूच्या गोटातल्या माणसाने दिलेला आहे. पानिपतावर लिहिणाऱ्या अनेकांनी सांगितले आहे की गारद्यांच्या शेजारचे विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडदळ ठरलेली गोलाची रचना सोडून पुढे घुसले. त्यामुळे गारद्यांच्या बंदुकांच्या तोंडासमोर आपलेच घोडे आले. घोडेस्वार मागे फिरले तेव्हा गारद्यांची बगल उघडी पडली. तरी ते जागेवरून हलले नाहीत. दुपारी विश्वासरावांना गोळी लागली त्याआधी गारद्यांची बहुतेक पलटणे तिथेच संपली होती.

म्हणजे इतिहासाला फाटा फुटायचाच असेल तर तो विश्वासरावांच्या कानाजवळ फुटत नाही, त्याच्या कितीतरी आधी डाव्या बगलेवर फुटतो. आणि त्याहूनही आधी, पगाराच्या वहीत. गोळीने फाटा फोडला की कथा लवकर लिहून होते. एक गोळी तीळभर बाजूला सरकवा, झाले. कुणाला बदलावे लागत नाही. पगाराने फाटा फोडायचा तर भाऊसाहेबांच्या सरदारांना एका नव्या प्रकारच्या सैनिकाची बरोबरी मान्य करावी लागते. घोड्यावरच्या माणसाने पायी चालणाऱ्याच्या मागे थांबायचे, हे गिळावे लागते. आपले सगळे जर-तर गोळीभोवती, बाणाभोवती का फिरतात, याचे कारण मला इथे दिसते. १५५६मध्ये याच पानिपतावर हेमूच्या डोळ्यात बाण लागला नसता तर, हा असाच प्रश्न. (हेमूच्या फौजेतले बहुतेक लोक अफगाण होते, हे मात्र प्रश्न विचारणारे सांगत नाहीत.) १६५८मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरला नसता तर, हा आपल्या मुसलमानांचा लाडका प्रश्न. दाराला कुणाचा विश्वास का मिळवता आला नाही, हे विचारले की कट्ट्यावरची चर्चा थंडावते.

जखमी इब्राहिमखान शुजाच्या माणसांच्या हाती लागला. शुजाने त्याला लपवून ठेवले, पण अफगाणांना सुगावा लागला आणि अब्दालीच्या वजिराच्या ताब्यात त्याला द्यावे लागले. आठवडाभरात तो मेला. त्याच्या जखमांवर विषारी मलम लावले गेले असे काशिराज सांगतो. मुसलमान असून मराठ्यांसाठी लढला, हा अब्दालीच्या गोटात त्याचा मोठा गुन्हा होता.

मराठीत त्याच्या नावाचे काय झाले? विश्वास पाटलांच्या 'पानिपत' कादंबरीने १९८८नंतर त्याला पुन्हा लोकांसमोर आणले, ते मान्य केले पाहिजे. पण 'गारदी' हा शब्द मराठी माणसाला आठवतो तो शनिवारवाड्यातल्या खुनामुळे. ३० ऑगस्ट १७७३, नारायणराव पेशवे. मारेकऱ्यांत सुमेरसिंग होता, खरगसिंग होता, महंमद युसूफ होता, तुळाजी पवार होता. नावांवरूनच दिसते की गारदी ही जात नव्हती, धर्म नव्हता, नोकरी होती. तरी शब्दाला रक्त लागले ते लागलेच. बारा वर्षांपूर्वी हेच गारदी पेशव्यांसाठी ओळीत उभे राहून मेले, हे शब्दाच्या स्मरणात राहिले नाही.

भाच्याला उत्तर द्यायचे म्हणून मी स्वतःच एक जिंकलेले पानिपत लिहायला बसलो. आणि पहिल्याच पानावर अडलो, ते राणेखानामुळे. महादजी शिंदे पानिपतावर पायाला जबर जखम होऊन पडले होते. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, पखाल वाहणाऱ्या मुसलमानाने, त्यांना बैलावर घालून दक्षिणेकडे आणले. महादजी पुढे त्याला भाऊ म्हणू लागले. राणेखानभाई त्यांच्या फौजेतला मोठा सरदार झाला. दिल्लीच्या राजकारणात उलथापालथ झाली, पण महादजींचा या माणसावरचा विश्वास ढळला नाही. आता माझ्या कथेत मराठे जिंकले तर महादजी जखमी होत नाहीत आणि राणेखान आयुष्यभर पखालीने पाणी देत राहतो. त्याचे नाव कुणाला कळत नाही. म्हणजे इब्राहिमखान वाचवायला जावे तर राणेखान हातून जातो. आणि पुढे १७८४मध्ये महादजींनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीला नोकरीत घेऊन कवायती पलटणे उभी केली. ती पानिपतची शिकवण नसती तर केली असती का? हे मला ठरवता येईना. दोन दिवस कागद तसाच पडून राहिला.

शेवटी मी विजयाची लढाई लिहिलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. १५ जानेवारी. अब्दाली यमुनेपलीकडे हटलेला आहे. छावणीत दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवण झालेले आहे. इब्राहिमखान दंडाला पट्टी बांधून फडावर येऊन बसला आहे. त्याच्यापुढे पलटणवार हजेरीची वही आहे. तो म्हणतो, मागचा महिना आणि हा महिना. जे पडले त्यांचाही. त्यांच्या घरी पाठवायचा आहे. फडावरचा कारकून म्हणतो, खानसाहेब, आज विजयाचा दिवस, अब्दालीचा तळ लुटीला मोकळा आहे, तुमच्या लोकांनाही सोडा की. इब्राहिमखान म्हणतो, माझे लोक लुटीला जात नाहीत, ते ओळीत उभे आहेत, बाहेर बघा. कारकून बाहेर बघतो. मग भाऊसाहेबांना वर्दी जाते.

भाऊसाहेब काय म्हणतात ते मला लिहिता आलेले नाही. दरबारी, गोड असे काही तरी उत्तर सुचते आणि ते खोटे वाटते. तो कागद मी भाच्याकडे पाठवून दिला आणि म्हटले, पुढचे तू लिही. परवा त्याचा निरोप आला. त्याने भाऊसाहेबांना अजून तंबूतून बाहेर काढलेले नाही. त्याच्या कथेत बाहेर थंडीत पलटणीची हजेरी चालू आहे आणि एकेक नाव पुकारले जात आहे. त्याची अडचण वेगळीच होती. "मामू, गारद्यांमध्ये सगळी नावं मुसलमानांचीच घालू का?" मी कळवले, नको, काशिराज त्यांना तेलंगे म्हणतो. बुसीने ती पलटणे तेलंगणातल्या, किनाऱ्यावरच्या लोकांतून भरली होती, सगळ्या जातींची नावे घाल. त्यावर त्याने विचारले आहे की तेव्हाच्या तेलुगू माणसांची नावे कुठे मिळतील. शोधतो आहे.